धर, सोड, शून्य

१

पाइप थकतो असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. एक तार हातात घ्या आणि वाकवा-सरळ करा, वाकवा-सरळ करा. पन्नासदा काही होत नाही, आणि एक्कावन्नाव्यांदा कटकन दोन तुकडे. पाइपाचंही तसंच. मशीन चालू असलं की पाइप थरथरतो, आणि मोठ्या पाइपातून जिथे लहान पाइप फुटलेला असतो, तिथल्या वेल्डिंगला ती सगळी थरथर सोसावी लागते. त्या सांध्यावर किती जोर येतो, सेकंदाला किती वेळा येतो, हे मोजायचं आणि सांगायचं, की बाबांनो, हा अजून इतकी वर्षं टिकेल. हे माझं काम. छत्तीस वर्षं करतोय. कारखान्यात मला सगळे मापाडी म्हणतात. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणते.

मी सुखी माणूस आहे, उगाच रडगाणं कशाला गाऊ? गुडघे शाबूत आहेत. बायको माझ्या वाटचंही बोलते, त्यामुळे माझा घसा ठणठणीत आहे. आणि एकुलती एक लेक याच कारखान्यात कॉम्प्रेसर हॉलची ऑपरेटर आहे. सकाळी आम्ही दोघं एकत्र निघतो, एका पिशवीत दोन डबे. गेटातून आत गेलो की ती मॅडम आणि मी मापाडी.

आता या सगळ्यात एकच काळजी. तिचं टेबल काचेच्या खोलीत आहे, आणि ती खोली कॉम्प्रेसरपासून बारा पावलांवर. दर तासाला तिला हॉलमधून फेरी मारावी लागते. पाइपांमध्ये गॅस असतो, तापलेला आणि दाबलेला. एखादा सांधा सुटला तर ती खबर सगळ्यात आधी माझ्या पोरीला लागणार. म्हणून त्या हॉलची मापं मी दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाही. साहेबांनी दोनदा सुचवून पाहिलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पूर्वी आम्ही दोघं होतो, मी आणि पकड. त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. हाताला अशी जबर ताकद, की सगळे पकडच म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. आमची पद्धत ठरलेली होती. लहान पाइपाला आम्ही फांदी म्हणतो. फांदीच्या टोकाला वजनदार व्हॉल्व्ह असतो, म्हणून ती लटलटते. मी म्हणायचो, "धर." पकड ती खालून उचलून धरायचा. मी सांध्याजवळ गेज चिकटवायचो. गेज म्हणजे नखाएवढी पातळ पट्टी, धातू केसभर ताणला गेला तरी तिला कळतं. तिच्यावर मिनिटभर अंगठा दाबून ठेवायचा. मग म्हणायचो, "सोड." पकडने हात काढला की मी यंत्रावर शून्याचं बटण दाबायचो. धर, सोड, शून्य. हा क्रम चुकवायचा नाही. कारण कोणाचा हात लागलेला असताना शून्य केलं, तर तो हातही शून्यात धरला जातो, आणि पुढची सगळी मापं खोटी.

तेवीस वर्षांत आमचा क्रम एकदाही चुकला नाही. त्या दिवशी चुकला.

२

कॉम्प्रेसरवर फांद्या एकूण एकतीस. आधी हातातल्या छोट्या यंत्राने सगळ्यांची नाडी बघायची आणि ज्या जास्त थरथरतात त्यांनाच गेज लावायचे, हा रिवाज. गेल्या वर्षी आम्ही सहा नंबरला आणि आठ नंबरला लावले होते. सात नंबर शांत होती, म्हणून तिला सोडून दिलं होतं.

या वर्षीही सात नंबर शांतच होती. छोटं यंत्र टेकवलं तर काटा जागचा हलेना. मी पुढे गेलो, आणि चार पावलांवर थांबलो. सहा, सात आणि आठ, तिघी सख्ख्या बहिणी. एकाच पाइपावर, सारख्याच लांबीच्या, टोकाला तोच व्हॉल्व्ह. सहा थरथरते, आठ थरथरते, आणि मधली बाई साहेबांसमोर बसल्यासारखी गप्प! हे कसं काय? लोक आवाजाला घाबरतात. मला उलट गप्प पाइपाचा संशय येतो. म्हटलं, हिलाच गेज लावू.

दर आठवड्याला मशीन अर्धा तास बंद ठेवतात. सकाळचे साडेदहा झाले होते. वरच्या काचांमधून ऊन येत होतं आणि हॉलमध्ये छान ऊब होती. मी एकटाच होतो. फांदी धरायला कोणी नव्हतं, पण गरजही पडली नाही. ती लटलटतच नव्हती. मी खूश झालो. चार गेज चिकटवले, तारा जोडल्या, यंत्र सुरू केलं आणि शून्य केलं. पडद्यावर सरळ रेघ आली.

आणि मग सवयीने, हातातला डिंक पुसत, मी म्हणालो, "सोड."

रेघ खाली गेली.

वायर निघाली की रेघ पडद्याबाहेर उडते, तशी नाही. एखाद्याने हात बेताने काढून घ्यावा, तशी. आधी थोडी, मग पूर्ण. आणि उणे अकरा किलोवर स्थिर झाली. माझ्यासमोर सात नंबरचा व्हॉल्व्ह केसभर खाली बसला आणि बारीक कुरकुरला.

मी बघतच राहिलो. मग स्वतःला म्हणालो, अरे मापाड्या, वय झालं तुझं, गेज नीट चिकटला नसेल. चारही तपासले, घट्ट होते. तारा बदलल्या. यंत्र बदललं. तरी उणे अकरा. शेवटी मी स्वतः व्हॉल्व्हखाली हात घातला आणि वर उचललं. रेघ चढत चढत शून्यावर आली. हात काढला, पुन्हा उणे अकरा. हिशेब चोख होता. मी शून्य केलं तेव्हा ही फांदी कोणीतरी अकरा किलोच्या जोराने उचलून धरलेली होती.

चार गेज असले की जोर कुठल्या बाजूने आला तेही कळतं. तो आला होता मागून, भिंतीच्या बाजूने. फांदी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा आहे. तिथे माझी बॅटरीसुद्धा आडवी शिरत नाही.

३

अकरा वाजता मशीन सुरू झालं. सात नंबर अशी काही थरथरायला लागली, की पडद्यावर रेघ दिसेना, नुसता पट्टा. मी आकडे मांडले. पुन्हा मांडले. सकाळी जिच्यापुढे मी चाळीस वर्षं लिहिणार होतो (चाळीसच्या वर आम्ही लिहीतच नाही), तिचं आयुष्य निघालं नऊ दिवस.

मी कोपऱ्यात जाऊन पकडला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"अंगणात. कुंड्यांना पाणी घालतोय. का रे?"

"इथे नाहीस ना?"

"मापाड्या, सकाळी सकाळी काय घेतलंस?"

मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, "माझ्या हाताला आता पेन्शन चालू आहे बाबा, तो ओव्हरटाइम करत नाही." मग म्हणाला, "पण एक सांगू? धडधाकट पाइप धरायला कोण जातंय? पडायला आलेलं असतं तेच माणूस धरतो."

"पण गेल्या वर्षी मी सहावर आणि आठवर वीसदा 'सोड' म्हणून ओरडलो. तेव्हा हिला धरणाऱ्याला का नाही ऐकू आलं?"

"तेव्हा तू मला म्हणत होतास," पकड म्हणाला. "आज कोणाला म्हणालास?"

मी फोन ठेवला. डोकं ताळ्यावर होतं. साहेबांकडे जायचं, नऊ दिवसांचा आकडा दाखवायचा, मशीन बंद करायला लावायचं. सोपं काम होतं. मी कागद उचलला, तेवढ्यात लेक फेरीसाठी आली. कानांवर आवाज अडवणारे कप, हातात वही. लोखंडी जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर ती जराशी थांबली. हल्ली थांबते. बूट जड आहेत म्हणते. मी चिडवतो, काय गं म्हातारे, तुझ्या वयाचा असताना मी हा जिना उलटा चढायचो. मग ती खाली आली आणि सात नंबरच्या खाली वाकून दाबाचा काटा वाचायला लागली. तिच्या डोक्यावर वीतभर ती फांदी थडथडत होती.

माझ्या तोंडून काय निघावं? "सरक" नाही, "मागे हो" नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "धर!"

पट्ट्याची रेघ झाली. रेघ वर चढली आणि शून्यावर जाऊन बसली. सात नंबर गप्प.

लेकीने कानावरचा कप उचलला. "काय धरू, बाबा?"

"कठडा धर," मी म्हणालो. "फरशी निसरडी आहे."

फरशी खडखडीत कोरडी होती. तिने माझ्याकडे, मग फरशीकडे पाहिलं आणि आईसारखी मान हलवून निघून गेली.

४

साहेब माणूस वाईट नाहीत, पण आकडा दिसल्याशिवाय त्यांचा हात मशीन बंद करायच्या लाल बटणाकडे जात नाही. आणि ते बरोबरही आहे, मीच त्यांना तसं शिकवलंय. ते स्वतः हॉलमध्ये आले, पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"मापाडी, इथे तर सरळ रेघ आहे."

"हो साहेब."

"म्हणजे चाळीस वर्षं."

"आत्ता चाळीस वर्षं. खरं म्हणाल तर नऊ दिवस."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

काय सांगणार होतो? साहेब, फांदी कोणीतरी धरून ठेवली आहे, म्हणून ती गप्प दिसते? छत्तीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली असती. आणि काही बोललो नाही, तर साहेब सही करून जाणार. मग ते जे कोणी होतं, त्याचा हात कधी ना कधी भरून येणार. कोणाचा येत नाही? आणि तेव्हा काट्याखाली माझी पोर वाकलेली असेल तर?

"साहेब, मॅडमना जरा बाहेर पाठवा," मी म्हणालो. "गेटवरून एक कागद आणायचाय."

साहेबांनी लेकीला पाठवलं. हॉलचं दार लागल्याचं मी नीट पाहिलं. मग सात नंबरच्या अगदी जवळ गेलो. मागच्या त्या वीतभर फटीतून गारवा येत होता. तापलेल्या पाइपांच्या मागून गारवा! अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. परक्या माणसाने आपलं ओझं उचललेलं असावं आणि आपण त्याला पाणीही विचारलेलं नसावं, तसं ओशाळल्यासारखं झालं.

"सोड," मी हळू म्हणालो.

रेघ खाली गेली आणि फांदी थडथडायला लागली. दाबाचा काटा इतका नाचला, की त्यावरचा आकडा वाचता येईना. साहेब दोन पावलं मागे सरले. तिसऱ्या पावलाला त्यांनी लाल बटण दाबलं.

मशीन थांबायला मिनिटभर लागतं. तेवढ्या मिनिटात मला वाटलं, की फटीतला तो गारवा माझ्या कानाजवळून गेला. दाराकडे. मी वळून पाहिलं तर काही नव्हतं, उन्हात धूळ तरंगत होती.

"कोणाला म्हणालात हो, सोड?" साहेबांनी विचारलं.

"सवय आहे साहेब. पकड होता ना इतकी वर्षं."

५

दुपारी वेल्डरने सात नंबर कापून काढली. सांध्याची चीर पाहून त्याने शिट्टी वाजवली. बारा वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत, घड्याळाच्या भाषेत. उरलेल्या पाव भागावर सगळी फांदी लटकलेली होती. "ही उभी कशी होती?" तो म्हणाला. "आज सकाळीच तुटायला हवी होती. सकाळी कसली, मागच्या महिन्यात!"

साहेबांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. सगळ्यांना चहा आला. मला फार बरं वाटलं, लपवत नाही. छत्तीस वर्षांत मी कागदावर हजार सांधे वाचवले असतील, पण वाचलेला सांधा कधी दिसत नाही, तो नुसता जागेवर असतो. आज माझ्या पोरीच्या डोक्यावरचा सांधा माझ्या हातात होता.

मी तो तुकडा टेबलावर घेऊन पुसला. भिंतीकडची बाजू वर आली. फांदीला करडा रंग होता, तीन थर, जाड. त्या बाजूला तो झिजून खालचा धातू लखलखत होता. ओळीने चार पट्टे. खाली, जरा तिरका, पाचवा. जिन्याच्या कठड्याचा रंग जातो तसा, हात लागून लागून. एवढा रंग जायला वर्षं लागतात. मी माझी बोटं त्या पट्ट्यांवर ठेवून पाहणार होतो. ठेवली नाहीत.

मग मी उरलेल्या तीसच्या तीस फांद्यांच्या मागे आरसा घालून पाहिलं. रंग कुठेच झिजलेला नव्हता. तीसही सांधे धडधाकट होते.

६

पाच वाजता सुट्टी झाली. बाहेर छान ऊन होतं. माझ्या उजव्या हातात यंत्राची पेटी, डाव्या हातात डब्यांची पिशवी. लेक अर्धं पाऊल पुढे चालत होती. साहेब तुमचं फार कौतुक करत होते बाबा, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मी तिसऱ्यांदा "छे, त्यात काय" म्हणालो. चौथ्यांदा सांगितलं असतं तरी चाललं असतं. घरी गेल्यावर बायकोला काय काय सांगायचं आणि काय गाळायचं, ते मी मनात लावत होतो.

"बाबा, हात सोडा ना आता," लेक म्हणाली.

"काय?"

"केव्हापासून धरून चालताय. गेटवर कागद आणायला गेले तेव्हापासून दंड अवघडलाय, आणि आता परत तिथेच धरलंय तुम्ही. मी काय लहान आहे? लोक बघतायत."

ती समोर बघतच बोलत होती. मी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्यात पेटी, डाव्यात पिशवी.

मग तिच्या बाहीकडे पाहिलं. कोपराच्या जरा वर कापड आत दबलेलं होतं. ओळीने चार घड्या. पाचवी मला दिसत नव्हती, ती आतल्या बाजूने असणार.

"पडायला आलेलं असतं तेच माणूस धरतो." पकडचा हसरा आवाज कानात जसाच्या तसा आला. जिन्याचा मधला कट्टा आठवला. जड बूट आठवले. छत्तीस वर्षं लोखंडाची नाडी बघितली मी, आणि रोज शेजारी चालणाऱ्या पोरीला म्हातारी म्हणून चिडवत राहिलो!

"सोडा ना, बाबा!" ती जरा रागानेच म्हणाली.

बाहीवरच्या घड्या सैल झाल्या. एकेक करून, बेताने.

लेक थांबली. सपाट रस्ता होता, जिना नाही की चढ नाही. तिने तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना. ओठांचा रंग उतरला. तिचा हात कुंपणाची जाळी शोधायला लागला आणि त्याला जाळी सापडेना.

पेटी माझ्या हातातून पडली. सव्वा लाखाचं यंत्र, पडू दे.

"धर!" मी म्हणालो. "धर, घट्ट धर!"

घड्या पुन्हा खोल गेल्या. चारही. लेकीने मोठा श्वास घेतला, दुसरा घेतला. गालांवर रंग परत आला. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि मग खाली पडलेल्या पेटीकडे.

"काय धरू, बाबा?"

"तू काही धरू नकोस. तू फक्त हळूहळू चाल. आणि घरी जाईपर्यंत तो एक शब्द पुन्हा म्हणायचा नाही."

"कुठला शब्द?"

मी पेटी तिथेच ठेवली, पिशवीही ठेवली, आणि लेकीचा दुसरा हात धरला. मोकळा होता तो. माझा हात थरथरत होता. पलीकडचा मुळीच थरथरत नव्हता, याचं मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

"आपण कुठे निघालोय? बसस्टॉप इकडे आहे."

"दवाखान्यात."

"कशाला? मला काय झालंय?"

"कोणास ठाऊक," मी म्हणालो. "माप घेऊन टाकू."

दवाखाना डाव्या हाताला होता, दोनशे पावलांवर. आम्ही तिघं डावीकडे वळलो.